भोंग्यावरचं नाव

१९७८ च्या श्रावणात फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात देवळाच्या भोंग्यावरून रोज दिवेलागणीला माझ्या वडिलांचं नाव घेतलं जात होतं. नावानंतर रक्कम सांगायची पद्धत होती. वडिलांच्या नावानंतर ती येत नसे. सांगणारा थांबायचा, माईक चालू असायचा, आणि मग पुढचं नाव यायचं.

वडील तेव्हा गावात नसायचे. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले होते, तिथंच खोली करून राहत आणि रविवारी घरी येत. ज्या पैशासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं, तो त्यांचा नव्हता. आईचा होता.

त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आमच्या गावातही वस्तीतल्या काही घरांची छपरं जाळली गेली. पोलीस आले, गावातली काही पोरं धरून घेऊन गेले. त्यांना सोडवायला वकील हवा, जामीन हवा, म्हणून गावानं वर्गणी काढली. पद्धत सप्ताहाच्या वर्गणीचीच होती. घरटी, ऐपतीप्रमाणे, आणि भोंग्यावरून जाहीर. दिली त्यांचं नाव रकमेसह एकदा. बाकी असलेल्यांचं नाव रोज, देईपर्यंत.

गावात कुणाची ऐपत झाकलेली नव्हती. कुणाची उधारी कुठवर आली ते किराणा दुकानावर कळायचं, कुणाच्या म्हशीनं किती दूध दिलं ते दूध केंद्रावरच्या रांगेत. कारखान्याच्या पगाराचा आकडा तर लोक वडिलांआधी सांगायचे. आईच्या कमरेच्या कापडी पिशवीत काय आहे, एवढं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. आईचं माहेर तिच्या लहानपणापर्यंत मेंढरांमागं फिरतं होतं. तिच्याकडची रीत अशी, की दुधातुपाचा पैसा बाईच्या कमरेला राहणार आणि तो किती, हे नवऱ्यानं विचारायचं नाही. वडिलांनी कधी विचारलं नाही. उलट ते आपल्या पगाराचं पाकीट टाचणीसकट तिच्या हातात देत. टाचणी ती काढायची.

दूध केंद्राचा सेक्रेटरी वडिलांचा धाकटा चुलतभाऊ होता. वर्गणीत तोच पुढं होता आणि भोंग्यावरचा आवाजही त्याचाच. श्रावणाच्या सुरुवातीला त्यानं आईच्या दुधाच्या पगारातून वर्गणी परस्पर कापली आणि त्याच संध्याकाळी वडिलांच्या नावानं ती भोंग्यावरून जाहीर केली. आई तेव्हा धारा काढत होती. तिनं धार पुरी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती केंद्रावर गेली. शहरात गुलमंडीजवळच्या एका दैनिकात मी उमेदवारी करत होतो, बसनं जाऊन-येऊन. बस यायची होती, म्हणून मी तिथं होतो.

"पैसे कमी हायेत, भाऊजी."

"वर्गणी कापली, वहिनी. पेंडीचे कापतो तसे."

"पेंड म्हशीनं खाल्ली. हे कुनी खाल्लं?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. सेक्रेटरी हसला नाही.

"गावचं काम हाय. दादाच्या नावानं लावलेत."

"दादा धारा काढतेत व्हय?"

"वहिनी, चार लोकांत बोलायलाव तुम्ही."

"तुम्ही तर भोंग्यावर बोलले. मला इचारलं व्हतं?"

त्यानं पैसे काढून फळीवर ठेवले. मग नाव मागं घ्यावं लागेल, असं म्हणाला. घ्या, असं आई म्हणाली आणि किटली उचलून निघाली.

त्या संध्याकाळी भोंग्यावरून जाहीर झालं, की काल एक नाव चुकून घेतलं गेलं, रक्कम आलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते नाव बाकी असलेल्यांत गेलं. सुरुवातीला बाकी बरेच होते. रोज एकदोन घरं कमी होत गेली. आमचं नाव आलं की सेक्रेटरी थांबायचा. तेवढ्या वेळात भोंग्यातली खरखर ऐकू यायची. गावातली कामं त्या वेळी चालूच असणार, पण माझ्या आठवणीत त्या खरखरीबरोबर दुसरा कुठलाही आवाज नाही.

थोड्याच दिवसांत आईचं दूध केंद्रावरून परत येऊ लागलं. फॅट बसत नाही, एवढंच कारण दिलं जाई. तिनं चुलीवर कढई चढवली आणि दुधाचा खवा केला. तो मी बसनं गुलमंडीतल्या एका मिठाईवाल्याकडं नेऊ लागलो. त्यानं पहिल्या दिवशी चिमूट तोंडात टाकली.

"मावा तो अव्वल है, पेपरवाले. अम्मा को बोलो और भेजे. पैसा किस के नाम लिखूँ?"

"लिहू नका. हातात द्या."

"घर में सीआयडी है क्या?"

तो हसला आणि पैसे हातात दिले. ते मी संध्याकाळी आईला दिले. तिनं न मोजता पिशवीत टाकले.

मी तिला वर्गणी देऊन टाक म्हणालो होतो. वडील आठवडाभर नसतात, मी दिवसभर नसतो, घरात ती एकटी असते, हे माझं म्हणणं होतं. ती कढईतला खवा हलवत होती.

"तुझ्या पेपरात काय लिहितेत आपल्या गावाचं?"

"तणावपूर्ण शांतता."

"म्हंजी काय?"

"म्हणजे काही झालेलं नाही. पण होऊ शकतं."

"मंग तसंच हाय. कामून भेतो?"

एके सकाळी सेक्रेटरी घरी आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. त्यानं तोड काढली होती.

"वहिनी, मी गुप्तदान म्हनून लावतो. तुमचं बी झाकलं, आमचं बी भागलं. कुनाचं नाव नाय, गाव नाय."

"मंग रोज नाव भोंग्यावर कामून घेता? ते बी गुपचूप घेत जावा."

तो कप पालथा घालून उठला. दादाला बोलतो, असं जाताना म्हणाला.

वस्तीतली एक बाई आमच्या म्हशींना गवत आणायची. त्या दिवसांत वस्तीतल्या कुणाला शेतात कामाला बोलावत नव्हते. ती मात्र मागच्या वाटेनं भारा आणून टाकायची आणि आई तिचे पैसे द्यायची. एका सकाळी भारा टाकून ती तिथंच उभी राहिली.

"तुमच्या मालकाचं नाव लई ऐकायलोत, बाई. ते आलं की आमच्याकडं समदे गप. पुढं काय म्हनतेत ते ऐकायला. पोरगं खोकललं तरी म्हतारी दटावती."

"तुम्हाला दुसरा धंदा नाय व्हय?"

"धंदा कुठं ठिवलाय कुनी आम्हाला."

दोघी हसल्या. मग ती बाई म्हणाली, "काही जन म्हनतेत आज देतील, काही म्हनतेत उद्या. मी म्हनते, नाय देनार."

आईनं भाऱ्याचा दोर सोडून बाईच्या हातात दिला.

श्रावण संपता संपता एका संध्याकाळी वडिलांचं नाव आलं नाही. त्याच्या आधीचं नाव आलं, नंतरचं आलं. मधे थांबणं झालं नाही. आई दारात उभी होती. माईक बंद झाल्याचा टक्‌ आवाज होईपर्यंत ती तिथंच होती. मग चप्पल न घालता देवळाकडं गेली. मी मागं गेलो. सेक्रेटरी वायर गुंडाळत होता.

"नाव कामून नाय घेतलं?"

"मिळाले, वहिनी."

"कुनी दिले?"

"सांगू नका म्हनलेत. आता मिटलं ना? जावा घरी, दिवा लावा."

तिनं मला विचारलं. माझ्याजवळ द्यायला काही नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी विचारलं. रविवारी वडील आले, ते स्टँडवरून चालत. शहरात ते सायकल वापरायचे आणि रविवारी ती बसच्या टपावर टाकून गावाकडं आणायचे. त्या दिवशी ती नव्हती. कारखान्याबाहेरून चोरीला गेली, असं त्यांनी सांगितलं. आईनं वर्गणीचं विचारलं. "मला काय ठाऊक," ते म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही. पगार झाला होता. त्यांनी नेहमीसारखं पाकीट पुढं केलं. टाचणी जागेवर होती.

"ठिवा तिथं," ती म्हणाली आणि फडताळाकडं हात केला.

ते पाकीट तिनं उचललं नाही. काही दिवसांनी वडिलांनीच टाचणी काढली. पुढच्या महिन्याचं पाकीटही फडताळात ठेवलं गेलं, त्यानंतरचंही. त्यांचं भांडण मी ऐकलेलं नाही. ती त्यांना वाढायची, ते जेवायचे, म्हशीला वैरण टाकायचे. घरात दोन पैसे झाले, एवढंच. एक फडताळातला आणि एक कमरेचा.

गवतवाली त्या आठवड्यात आली नाही. वस्तीतली बरीच घरं शहराकडं निघून गेली होती. आई वस्तीत जाऊन आली. दाराला बाहेरून कडी लावलेली होती, असं तिनं सांगितलं. ती बाई नाव न आल्याच्या संध्याकाळी गावात होती की आधीच गेली होती, हे तेव्हा कळलं नाही. वस्तीतले बाकीचे होते. भोंगा त्यांनीही ऐकला होता.

काही वर्षांनी वडिलांनी शहरात पुंडलिकनगरात जागा घेऊन घर बांधलं. आईनं म्हशी विकल्या. स्वयंपाकाचा ओटा आणि नळ तिनं तिच्या पैशातून केला. किती लागले ते सांगितलं नाही. कारखाने वाढत गेले, वाळूजकडं नवी वसाहत उभी राहिली, आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी शिफ्टला जायचं. नामांतराचे मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, संचारबंदी लागायची. मी तोवर उपसंपादक झालो होतो. या बातम्या माझ्या टेबलावरून जात. 'तणावपूर्ण शांतता' हे शब्द मी खोडून टाकायचो आणि त्या जागी काय लिहायचं ते सुचायचं नाही.

नव्या घरातही फडताळ होतं. पाकीट तिथं असायचं. गल्लीत गणपतीचा भोंगा लागला, की बोलणं सुरू होण्याआधी टक्‌ असा आवाज येतो. तो आला की आई हातातलं काम थांबवायची. पहिलं नाव किंवा पहिलं गाणं सुरू झालं की पुन्हा कामाला लागायची. मी कार्यालयात असताना खिडकीखालून प्रचाराची रिक्षा गेली की माझी लेखणी थांबायची. हे बरोबरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

माझ्या लग्नाच्या कापडखरेदीला आम्ही गुलमंडीत गेलो होतो. दुकानदारानं लुगडी उलगडली होती. आई मधेच उठली, पायरी उतरली आणि डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका बाईच्या मागं गेली. मी बाहेर आलो तेव्हा ती बरीच पुढं होती. तिनं त्या बाईला गाठलं, समोरून पाहिलं आणि परत आली.

"कोण होतं?"

"कुनी नाय. चालनं तसं व्हतं."

दुकानदारानं तोवर सगळी लुगडी घडी करून ठेवली होती. आईनं ती पुन्हा उलगडायला लावली.

१४ जानेवारी १९९४ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, विद्यापीठाचं नाव बदलल्याचं जाहीर झालं. शहरात बंदोबस्त होता. मला लवकर जायचं होतं. वडील तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी आईला तिळगूळ दिला. एरवी हलवा हातावर ठेवला की ते पेपर उघडायचे. त्या दिवशी उभेच राहिले.

"ते पैसे मी दिले व्हते," ते म्हणाले.

कोणते, हे आईनं विचारलं नाही.

"सायकल?"

"इकली."

"चोरीला गेली म्हनले व्हते."

"व्हय." ते खुर्चीवर बसले. "रोज माझं नाव घेत व्हते. कारखान्यात गावाकडची पोरं व्हती, वस्तीतला बी एक व्हता माझ्याच मशीनवर. सोमवारी आलो की समदे तोंडाकडं बघायचे. कुनी म्हनायचं शाब्बास, कुनी म्हनायचं लाज वाटती का. मी काहीच केलं नव्हतं. ना दिले, ना नाय म्हनलं. मला ऐकवत नव्हतं. माझं नाव व्हतं ते."

"नाव तुमचं व्हतं. पर नाय म्हनलेली मी व्हते."

"व्हय."

"तिकडं वस्तीत ऐकत व्हते लोक. त्यांना वाटलं मीच दिले."

"हे मला कुठं ठाऊक?"

"मी कुठं सांगितलं," आई म्हणाली.

हलवा तिच्या हातातच होता. तो तिनं वाटीत टाकला.

"आता ते मागं घ्यायला लावा."

"पैसे?"

"पैसे नाय. ते तुमचे व्हते. नाव."

त्या आठवड्यात आमच्या दैनिकानं नामांतराच्या वर्षांवर पुरवणी काढायचं ठरवलं. प्रत्येकानं आपल्या भागातला एक अनुभव लिहायचा होता. मी आईचा अनुभव लिहायला घेतला. मथळा ठरला होता, पहिला परिच्छेद झाला होता. वस्तीवर अन्याय झाला म्हणून एका बाईनं गावाची वर्गणी नाकारली, असा तो परिच्छेद होता. तो मी तिला वाचून दाखवला.

"हे मी म्हनले व्हते?"

"म्हणाली नव्हतीस. पण तसंच होतं ना?"

"तुला तसं लिहायचंय व्हय? मंग लिही. पर मी म्हनले, असं लिहू नको."

"मग कशासाठी नाकारली?"

"माझ्या म्हशीचं दूध व्हतं."

"आणि गवतवाली?"

ती उठून आत गेली. मी तो मजकूर दिला नाही. पुरवणीत माझ्या जागी दुसऱ्याचा अनुभव गेला.

जानेवारीच्या पगाराचं पाकीट फडताळात आलं. आईनं ते उचललं, खालची धूळ पुसली आणि पुन्हा तिथंच ठेवलं.

माघात गावाकडं सप्ताह असतो. त्या वर्षी आम्ही तिघं गेलो. अन्नदानाची वर्गणी भोंग्यावरून जाहीर करणारा माणूस तोच होता. आता त्याला चष्मा लागला होता आणि बोलताना दम लागायचा. दूध केंद्र त्याच्या मुलाकडं होतं. वडील त्याच्याजवळ जाऊन बसले. आई खांबाला टेकून उभी राहिली.

"माझं नाव घे," वडील म्हणाले. "अन् थांब. पुढं काही म्हनू नको."

सेक्रेटरीनं चष्मा वर केला. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"दादा, सोळा वरसं झाली. ज्या पोरांसाठी काढली व्हती, त्यांच्या पोरी लग्नाला आल्या. आता कोन ऐकनार हाय?"

"तू घे."

"लोक म्हनतील म्हतारा इसरला."

"म्हनू दे."

तो आईकडं वळला. "वहिनी, पैसे परत मागू नका म्हंजी झालं."

"परत नको, भाऊजी. ते ह्यांचे व्हते. मी दिले नव्हते, एवढंच."

"अन् आज अन्नदानाचे?"

आईनं पिशवीत हात घातला आणि मूठ त्याच्यासमोरच्या ताटात रिकामी केली. "हे देवाचे. ह्याला नाव नको."

सेक्रेटरीनं ताट बाजूला सरकवलं आणि दिवेलागणीला घेतो, असं म्हणाला.

भोंग्याचा आवाज वस्तीपर्यंत अजून जातो का, ते मला पाहायचं होतं. मी चालत वस्तीत गेलो. जळालेल्या घरांच्या जागी काही ठिकाणी पत्र्याची घरं होती, काही ठिकाणी नुसते चौथरे. गवतवाली शहरातच होती, कधीमधी यायची, असं लोकांनी सांगितलं. त्या श्रावणात ती केव्हा गेली, ते कुणाला नेमकं आठवत नव्हतं. मी गेलो त्या दिवशीही ती गावात नव्हती. तिची भावजय दारात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मी तिच्या ओट्यावर बसलो. तिनं पाणी दिलं.

दिवेलागणीला भोंगा टक्‌ करून सुरू झाला. काही नावं आणि रकमा आल्या. मग वडिलांचं नाव आलं. त्यापुढं खरखर आली. भावजयीनं सूप खाली ठेवलं आणि देवळाच्या बाजूला पाहिलं. घरात कुणीतरी बोलत होतं, त्याला तिनं हातानं गप केलं.

मग पुढचं नाव आलं.